याद्या मागवणाऱ्या साहेबांना, याद्या जुळवणाऱ्या टेबलावरून

प्रति,
लाभार्थी याद्यांचे नमुने ठरवणारे, त्या मागवणारे आणि शेरा मारून परत पाठवणारे सर्व अधिकारी

विषय : 'नावात तफावत' या शेऱ्याखाली अडकलेल्या अनुदानाबाबत

महोदय, महोदया,



मी तालुक्याच्या ठिकाणी संगणक परिचालक म्हणून काम करते. अतिवृष्टी झाली, गारपीट झाली की पंचनामे होतात. पंचनाम्यांची यादी येते, बँकेकडून खातेदारांची यादी येते, आणि या यादीतला माणूस त्या यादीतला कोणता, हे एक्सेलमध्ये शोधून लावण्याचं काम माझ्या टेबलावर येतं. पंचनाम्याची यादी देवनागरीत, सातबाऱ्यावरच्या नावांची. बँकेची यादी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, पासबुकावरच्या नावांची. मध्ये आधार कार्ड, त्यावर आणखी तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेलं. संध्याकाळपर्यंत जुळवून पाठवा, असा आपल्याकडून निरोप येतो. जुळलेल्या ओळी पुढे जातात. उरलेल्यांपुढे 'नावात तफावत' असा शेरा पडतो, आणि त्या शेऱ्याला उत्तर देण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर जाते.

माझी खरी तक्रार या शेवटच्या गोष्टीबद्दल आहे. ती तफावत त्याने केलेली नसते. सातबाऱ्यावर नाव तलाठ्याने चढवलं, पासबुकावर बँकेतल्या कर्मचाऱ्याने, आधारवर नोंदणी केंद्रातल्या मुलाने. तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलं. शपथपत्र, नोटरी, तालुक्याच्या खेपा आणि बुडालेला रोज मात्र शेतकऱ्याच्या माथी. आधारवरचं नाव दुरुस्त करून आणा म्हणावं, तर ते आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एखाद्या बाईने ते एकदा लग्नानंतर बदललं असेल तर एकच संधी उरते, आणि ती आपल्या एका रकान्यासाठी वापरायची का, हे त्या बाईला ठरवावं लागतं.

ही तफावत कशी होते, हे आपण एकदा ओळीओळीने पाहावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ज्ञानेश्वर हे नाव घ्या. आपल्याकडे ते नसलेलं गाव क्वचितच सापडेल. इंग्रजीत कुणी ते 'डी-एन-वाय'ने सुरू करतं, कुणी 'जी-वाय'ने, कुणी 'जे-एन'ने. पुढे 'श्व' आला की एकाचा डब्ल्यू, दुसऱ्याचा व्ही, तिसऱ्याकडे मधला एच गायब. यात कुणी चुकलं असं म्हणता येत नाही. 'ज्ञ' इंग्रजीत कसा लिहायचा याचा नियम कुठल्याच शाळेत, कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेला नाही. लक्ष्मीत कुणी एक्स घालतं, कुणी के-एस-एच. चौधरींच्या 'चौ'मध्ये ए-यू, ओ-यू आणि ओ-डब्ल्यू तिन्ही सापडतात, शेवटी आय किंवा वाय. विठ्ठल, गायकवाड, क्षीरसागर यांचीही हीच गत. उलट्या दिशेने आलं तर आणखी अवघड. ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त, ड आणि द यांतला फरक इंग्रजी यादीत मुळात उतरतच नाही. त्यामुळे इंग्रजीवरून पुन्हा मराठी केलेल्या यादीत काळे 'काले' होऊन येतात. आधारच्या नोंदणीत इंग्रजी नाव टंकलं की मराठी नाव सॉफ्टवेअर आपोआप सुचवतं, ते केंद्रचालकाने तपासून दुरुस्त करायचं असतं. बाहेर रांग असली की ते राहून जातं.

दोन्ही याद्या देवनागरीत असल्या म्हणजे सुटलो, असंही नाही. दत्तात्रय आणि दत्तात्रेय, प्रवीण आणि प्रविण, त्र्यंबक आणि त्रिंबक, ओंकार आणि ओमकार. एका यादीत 'राव', 'बाई', 'साहेब' लावलेलं, दुसरीत नाही. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. एकीत 'श्री.', 'सौ.', 'कै.' नावाच्याच रकान्यात. गावांच्या नावांचंही तसंच: बुद्रुक, बुद्रूक, बु., आणि जुन्या वळणाच्या दोन दंडांचं बु॥. संगणकाच्या लेखी ही चार गावं होतात.

बायकांच्या नावांपाशी मला थोडं जास्त थांबायचं आहे. 'नावात तफावत'च्या यादीत त्या जास्त असतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतं. शाळेचा दाखला माहेरचा. माहेरी वारसाने हिस्सा मिळाला असेल तर तिथल्या सातबाऱ्यावर माहेरचं नाव. सासरच्या जुन्या उताऱ्यावर 'कोम' किंवा 'भ्र.' घालून पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनावाचा पत्ता नाही. बँकेत सासरचं पूर्ण नाव. नवरा गेला असेल तर जमीन त्याच्या नावावर, पंचनामाही त्याच्याच नावाचा आणि वारस नोंदीचा फेरफार प्रलंबित. अशी बाई माझ्या टेबलासमोर उभी असते तेव्हा ती कोण आहे याविषयी तिला, तलाठ्यांना, मला, कुणालाच शंका नसते. आपल्या नमुन्यात मात्र हे सगळं मांडायला एकच रकाना असतो, 'लाभार्थ्याचे नाव'. त्यात तिचं एकच नाव मावतं.

आता यंत्राकडे येते. पुष्कळ अधिकाऱ्यांना वाटतं की फॉर्म्युला लावला की नावं जुळतात. पडद्यावर दोन खाने शेजारी शेजारी उघडे असतात, दोन्हींत 'पाटील', दिसायला तंतोतंत सारखे. एक्सेल म्हणतं, वेगळे आहेत. 'लेन'ने लांबी मोजली की एकीकडे ५ येते, दुसरीकडे ६. वेबसाइटवरून नक्कल करून चिकटवलेल्या मजकुरासोबत शब्दाच्या शेवटी एक न तुटणारी मोकळी जागा येते, संगणकाच्या हिशेबी १६० क्रमांकाची. मोकळ्या जागा काढणारं 'ट्रिम' तिला हात लावत नाही, ती 'सबस्टिट्यूट'ने वेगळी उपटावी लागते. 'ॲन्थनी'तला पहिला 'ॲ' कुणी एका अक्षराने लिहितं, कुणी 'अ' लिहून वर चंद्र देतं. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन. काही कार्यालयांतून अजूनही श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटमधल्या याद्या येतात. तो फाँट आमच्या संगणकावर नसला की नावांच्या जागी रोमन अक्षरांचा कालवा दिसतो. त्यात जुळवण्यासारखं काही उरत नाही, सगळी यादी पुन्हा टंकावी लागते.

न जुळण्यापेक्षा मोठी भीती चुकीचं जुळण्याची आहे. 'व्हीलुकअप'ला शेवटी 'फॉल्स' दिलं नाही, तर ते अंदाजे जुळणी धरून चालतं आणि यादी अकारविल्हे लावलेली नसेल तर भलत्याच ओळीतला खाते क्रमांक आणून ठेवतं. लाल खूण नाही, सूचना नाही. 'फॉल्स' दिलं तरी एका नावाची दोन माणसं असतील तर ते पहिल्याच्या पाशी थांबतं. आणि आपल्याकडे एका नावाची दोन माणसं असतातच, कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. तुकारामांचे पांडुरंग, त्यांचे तुकाराम, त्यांचे पुन्हा पांडुरंग. आजोबा आणि नातू यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं एक. आजोबा वारलेले, पण सातबाऱ्यावर अजून तेच. एक्सेलने ही जुळणी शंभर टक्के म्हणून दाखवली तरी तिच्यावर सही करण्याआधी विचारावं लागतं.

अलीकडे 'साधारण सारखी' नावं शोधणारी साधनं आली आहेत आणि ती वापरा असं आम्हाला सांगितलं जातं. ती मी वापरते, कामाची आहेत. पण त्यांची मोजपट्टी काय मोजते हे माहीत असावं. सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली मांडलेली पद्धत अशी, की एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी, गाळावी किंवा घालावी लागतात ते मोजायचं. विकास आणि विलास. इंग्रजीत एका अक्षराचा फरक. वडिलांचं नाव एक, आडनाव एक, गाव एक. यंत्र सांगतं, जवळजवळ एकच. प्रत्यक्षात ते दोघं सख्खे भाऊ असू शकतात, वाटण्या झालेल्या, दोन वेगळ्या गटांचे मालक. आपल्याकडे भावंडांची नावं मुद्दाम जुळती ठेवतात, त्यामुळे हा प्रसंग अपवादाचा नाही. आणि 'डी-एन-वाय'च्या ज्ञानेश्वरांना 'जी-वाय'चे ज्ञानेश्वर करायला तीन बदल लागतात, 'श्व'तला डब्ल्यू-व्हीचा फरक धरून. म्हणजे दोन भाऊ एक ठरतात आणि एकच माणूस दोन ठरतो. उच्चारावरून नाव शोधणारी साउंडेक्स पद्धत अमेरिकेत १९१८ साली पेटंट घेतलेली आहे आणि तिथल्या जनगणनेच्या कागदांना ती उपयोगी पडली. पण ती पहिलं अक्षर जसंच्या तसं धरून ठेवते. आपला 'ज्ञ' तर पहिल्या अक्षरातच फुटतो.

एक्सेलच्या पॉवर क्वेरीत अशी जुळणी ०.८ या गुणावर आपोआप लावलेली असते. हा गुण मराठी नावं पाहून कुणी ठरवलेला नाही. तरी आपल्याकडून येणाऱ्या सूचनांत '८० टक्क्यांच्या वर मंजूर' अशी रेघ आखलेली असते. ही रेघ काढून टाका, ही माझी पहिली विनंती. गुणांवरून यादी लावावी, कुठून तपासायला सुरुवात करायची ते ठरवावं. मंजुरी त्यावरून देऊ नये आणि नकार तर मुळीच देऊ नये.

त्याच पॉवर क्वेरीत एक सोय आहे, ती आपण हाती घेतली तर फार काम होईल. 'हे आणि हे एकच समजावं' असा दोन रकान्यांचा तक्ता तिला देता येतो. मी असा तक्ता माझ्यापुरता करत आले आहे, शेजारच्या तालुक्यातला परिचालक त्याचा वेगळा करतो. हे काम राज्यपातळीवर एकदा व्हायला हवं. पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश काढणारं भाषा संचालनालय आपल्याकडे आहे, राज्य मराठी विकास संस्था आहे. मराठी नावं आणि आडनावं, त्यांची देवनागरीतली प्रचलित रूपं, इंग्रजीतली प्रचलित स्पेलिंगं, 'बाई'-'राव' असलेली आणि नसलेली, असा तक्ता त्यांच्याकडून करून घ्यावा आणि प्रत्येक तालुक्याला द्यावा. कोकणातली, खानदेशातली, विदर्भातली आणि आदिवासी भागातली नावं त्या त्या भागातल्या माणसांना विचारून घालावीत.

यादीच्या नमुन्याबद्दल. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव यांना वेगळे रकाने द्या. बायकांसाठी 'पूर्वीचं नाव' असा एक रकाना द्या, आणि तो रिकामा असला तर ओळ नाकारू नका. मूळ कागदावर नाव ज्या लिपीत असेल त्या लिपीत तसंच राहू द्या, इंग्रजी हवं असेल तर शेजारी घ्या. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. सातबारा मराठीत, पंचनामा मराठीत आणि अनुदानाची यादी तेवढी इंग्रजीत, याचं कारण मला कुठल्याच परिपत्रकात सापडलेलं नाही. गावाच्या नावाबरोबर गावाचा एलजीडी कोड, म्हणजे सरकारी निर्देशिकेतला क्रमांक, सक्तीचा करा, म्हणजे बुद्रुकचा प्रश्न एका दिवसात मिटेल.

खाते क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' म्हणून बांधून द्या. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच खरे धरतं. सोळा अंकी खाते क्रमांक साधा आकडा म्हणून टंकला की सोळावा अंक शून्य होऊन बसतो, आणि सुरुवातीची शून्यं तर जागीच गळतात. यातून चुकलेला क्रमांक बँकेतून परत येतो आणि त्यालाही शेवटी नावाचाच शेरा लागतो. इथे एक गोष्ट नजरेला आणावीशी वाटते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेली रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना दिली आहे. तेव्हा खरा पहारा क्रमांकावर हवा. आधार क्रमांकात तर असा पहारा आधीच आहे, त्याचा बारावा अंक तपासणीचाच असतो. व्हेरहोफ यांच्या पद्धतीने काढलेला तो अंक टंकताना झालेली एका अंकाची चूक किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल लगेच पकडतो. आपल्या नमुन्यात ही तपासणी बसवली, तर टंकताना असा चुकलेला आधार क्रमांक यादीत शिरणार नाही.

आधारचा विषय निघाला म्हणून सांगते, पूर्ण आधार क्रमांक आणि खाते क्रमांक असलेल्या याद्या व्हॉट्सॲपच्या गटांवर पाठवणं कृपया थांबवा. त्या कुणाकुणाच्या फोनमध्ये राहतात याचा हिशेब कुणाकडेच नाही. शेतकरी ओळख क्रमांक आता आला आहे, याद्या त्यावर चालवा. मात्र तो क्रमांक देतानाही आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव एकदा जुळवावं लागतंच. ती एकदाची जुळणी घाईत केली, तर एकाची जमीन दुसऱ्याच्या क्रमांकाला कायमची चिकटेल. तेवढ्या जुळणीला वेळ द्या.

एक्सेलची प्रिंट, तिच्यावर शिक्का, शिक्क्याचं स्कॅन, स्कॅनची पीडीएफ आणि तीच यादी पुन्हा एक्सेलमध्ये भरून मागणं, हे बंद व्हावं. मंजूर ओळी पिवळ्या रंगाने दाखवणंही बंद व्हावं, रंग फॉर्म्युल्याला वाचता येत नाही. एक 'स्थिती' नावाचा रकाना पुरेसा आहे. रकाने एकमेकांत मिसळून मथळे सजवू नयेत. याविषयी जास्त लिहीत नाही, प्रत्येक परिचालक हे तोंडी सांगतच असतो.

सगळ्यात जास्त जिवाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. एका वर्षी तलाठ्यांना विचारून, पासबुक पाहून, माणसाला समोर बसवून आम्ही ठरवतो की सातबाऱ्यावरचं हे नाव आणि बँकेतलं ते नाव एकाच माणसाचं. पैसे जमा होतात. पुढच्या वर्षी नवी योजना, नवा नमुना, आणि तीच दोन नावं पुन्हा 'तफावत'मध्ये. ठरवलेलं कुठे नोंदवून ठेवायची सोयच नाही. तोच शेतकरी, तेच शपथपत्र, तोच खर्च. महोदय, तालुक्याला एक जोडतक्ता ठेवण्याचा आदेश द्या: सातबाऱ्यावरचं नाव, बँकेतलं नाव, आधारवरचं नाव, गट क्रमांक, कुणी ठरवलं, कधी ठरवलं. एकदा सहीने ठरलं की कुठल्याही योजनेत त्या माणसाला पुन्हा विचारू नये. चुकीचं ठरलं असेल तर कुणी ठरवलं हेही त्यात दिसेल, आणि ते दिसलंच पाहिजे.

आणि ज्या ओळी यंत्राने जुळत नाहीत त्या गावात वाचा. २०१७ साली संगणकीकृत सातबारे तपासण्यासाठी गावोगावी चावडीवाचन झालं होतं. ती रीत आपल्याकडे आहे, माणसं तिला सरावलेली आहेत. नाव मोठ्याने वाचलं की डी आणि जीचा प्रश्न राहत नाही. कोतवाल सांगतो कोण ते, पोलीस पाटील सांगतात धाकटा की थोरला, शेजारी सांगतो की म्हातारे वारले आणि आता नातू कसतो. तलाठ्यांनी तिथेच स्थितीच्या रकान्यात लिहावं आणि सही करावी. तिथेही ठरलं नाही, दोघांनी हक्क सांगितला, तरच शपथपत्र मागावं. त्याचा नमुना कार्यालयाने द्यावा आणि खर्चही कार्यालयाने करावा.

गेल्या हंगामात 'नावात तफावत' म्हणून परत आलेल्या ओळी प्रत्येक तालुक्यात पडून आहेत. नवा नमुना, तक्ता, ओळख क्रमांक या गोष्टींना वेळ लागेल हे मी समजू शकते. या जुन्या ओळींसाठी त्यातलं काहीच लागत नाही. त्या गावनिहाय वेगळ्या करून तलाठ्यांकडे चावडीवाचनाला द्याव्यात, एवढा आदेश आपण आधी काढावा. गावनिहाय याद्या काढून देण्याचं काम आम्ही परिचालक करू.

कळावे,

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावची एक संगणक परिचालक